उतरणे आणि पडणे : बर्पी करताना सांभाळायचे सांधे

मागील मार्गशीर्षात, ऐन वेचणीच्या दिवसांत, माझे उजवे मनगट सुजले आणि त्याच आठवड्यात कंबरही धरली. कापसाचे गाठोडे चुकीचे उचलले असेल, असा गावाने तर्क केला आणि दोन दिवस मीही घरी तेच सांगत राहिलो. खरे कारण मात्र वावरात नव्हते, अंगणात होते. माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. तो पहाटे मोबाइलवर पाहून ‘बर्पी’ नावाचा व्यायाम करीत असे, आणि २२ वर्षांच्या मुलाशेजारी उभे राहिल्यावर ४१ वर्षांच्या माणसाला जी खुमखुमी येते, तिच्यापायी मीही रोज ५० बर्पी मारू लागलो होतो. नवव्या दिवशी मनगट गेले आणि अकराव्या दिवशी कंबर. पुढचे तीन आठवडे मी बाजेवर बसून इतरांना बैलबंडीत कापूस भरताना पाहत होतो.

ज्यांनी हा व्यायाम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताठ उभे राहायचे, उकिडवे बसून दोन्ही तळहात जमिनीवर टेकवायचे, पाय एकदम मागे फेकून जोर काढण्यापूर्वी असते तशी सरळ फळी करायची, पाय पुन्हा हातांजवळ आणायचे आणि उठून उभे राहायचे. आजकाल यात मध्ये एक जोर आणि शेवटी एक उंच उडी घालतात. पाय, कंबर, पोट, छाती, खांदे, दंड या सगळ्यांना एका दमात कामाला लावणारा आणि कोणतेही साहित्य न मागणारा असा दुसरा व्यायाम क्वचितच सापडेल. म्हणूनच तो खेड्यात लवकर पसरला. जिथे व्यायामशाळा नाही तिथे अंगण असतेच.

गंमत अशी की, ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो त्या रॉयल बर्पी यांनी तो घाम गाळण्यासाठी तयार केलेलाच नव्हता. न्यूयॉर्कमधील या शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासकाला १९३० च्या दशकात माणसाची तंदुरुस्ती झटपट तपासण्याची एक सोपी चाचणी हवी होती. त्यांच्या मूळ कृतीत जोर नव्हता, उडीही नव्हती. ती मोजक्या वेळाच करायची आणि आधीची व नंतरची नाडी मोजून पाहायची, एवढाच तिचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने नव्या जवानांची तपासणी करण्यासाठी ती उचलली, आणि तेथून पुढे तिचे रूपांतर ‘किती मारल्या’ या मोजणीत झाले. ज्या कृतीने प्रकृती तपासायची तीच शंभर-शंभर वेळा करणे म्हणजे वजनकाट्यावर उड्या मारण्यासारखे आहे, असे मला आता वाटते. पण हे शहाणपण मनगट सुजल्यानंतरचे आहे.

आमच्या अमरावती जिल्ह्याला शरीरकष्टाच्या व्यायामाचे शिक्षण काही नवे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तेथील पथकाने भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिके परदेशात करून दाखवली होती. त्या परंपरेचा झिरप गावोगावच्या मारुतीच्या पारापर्यंत आलेला आहे. आमच्या गावात एक आबाजी आहेत. पंचाहत्तरी ओलांडली असली तरी ते आजही उकिडवे बसून अर्धा तास सुपारी कातरू शकतात. मी कंबर धरून बसलो असताना ते भेटायला आले, आणि पुतण्याला त्यांनी अंगणात चार बर्पी करून दाखवायला सांगितल्या. तिसऱ्या बर्पीलाच त्यांनी त्याला थांबवले आणि विचारले, “अरे बावा, तू खाली उतरून राह्यला का पडून राह्यला?”

पुढे मी या व्यायामाबद्दल जे काही वाचले, फिजिओथेरपिस्टकडून जे ऐकले आणि स्वतः करून पाहिले, ते सगळे या एका प्रश्नाच्या पोटात बसते. दंड आणि बैठक हे आखाड्यातले दोन वेगळे व्यायाम आहेत. दंड काढताना हातपाय आपापल्या जागी रोवलेले असतात. बैठक मारताना हात मोकळे असतात आणि सगळा भार पायांवर असतो. बर्पी या दोहोंना जोडते, आणि धोका ना दंडात आहे ना बैठकीत, तो त्यांच्या जोडात आहे. उभ्याचे बसणे, बसल्याचे फळी होणे, फळीचे पुन्हा बसणे आणि बसल्याचे उभे होणे, असे चार सांधे या हालचालीला आहेत. यातील प्रत्येक सांध्यावर शरीराचा भार पायांवरून हातांवर किंवा हातांवरून पायांवर जातो, आणि तो जाताना कोणी धरलेला नसेल तर शरीराचा एखादा सांधा त्याची किंमत मोजतो.

पहिल्या जोडात माझे मनगट गेले. सरळ हातांच्या फळीत शरीराचे साधारण दोन-तृतीयांश वजन हातांवर असते. माझे वजन ७५ किलो, म्हणजे हातांवर सुमारे ५० किलो, अर्थात डीएपी खताची एक गोणी. ती गोणी मी हळूच ठेवत नव्हतो, वरून टाकत होतो. उकिडवे पूर्ण बसण्याआधीच पुढे झुकून तळहात आपटत होतो. त्यातही उजवा हात आधी पडायचा आणि बोटे आतल्या बाजूला वळलेली असायची. आता मी आधी कुल्ले मागे व खाली नेतो, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकू देतो, आणि भार अजून पायांवरच असताना दोन्ही तळहात एकाच वेळी, खांद्याइतक्या अंतरावर, पावलांच्या थोडे पुढे टेकवतो. बोटे पसरलेली आणि पुढे रोखलेली असतात. भार केवळ तळव्याच्या मनगटाकडील उंचवट्यावर न घेता बोटांच्या मुळांवरही पसरवायचा असतो. हात पूर्ण टेकले, कोपरे सरळ पण पूर्ण ताणून आवळलेली नाहीत, आणि खांदे मनगटांच्या वर आले, एवढे झाल्यावरच पाय हलवायचे. या क्रमाला अर्धा सेकंदही जास्त लागत नाही, पण तो अर्धा सेकंद घाईत हमखास खाल्ला जातो.

मनगट दुखणाऱ्यांना काही जण जोराच्या लाकडी हत्त्या किंवा विटा वापरायला सांगतात. नुसते जोर काढायचे असतील तर हत्त्यांनी मनगटाचा वाक कमी होतो हे खरे. परंतु बर्पीत हात दर वेळी उचलून पुन्हा त्याच जागी आणायचे असतात, आणि दमलेल्या अवस्थेत वीट हुकली किंवा कलंडली तर दुखणे दुप्पट होते. त्यापेक्षा हात उंचावर टेकवणे कितीतरी चांगले. आमच्या ओसरीचा ओटा गुडघ्याच्या थोडा वर येतो. त्याच्या काठावर हात टेकवून केलेल्या बर्पीत हातांवर येणारा भार बराच कमी होतो आणि कंबरेलाही तितके वाकावे लागत नाही. ओटा पक्का असावा. बाज किंवा प्लास्टिकची खुर्ची या कामाची नव्हे, कारण ती सरकते.

दुसऱ्या जोडात कंबर जाते. पाय मागे फेकले की ते जमिनीला लागताच धडाचा मधला भाग झोळीसारखा खाली झोल खातो, आणि तो हिसका कण्याच्या खालच्या मणक्यांवर बसतो. एकदा बसला तर काही होत नाही. रोज ५० वेळा बसला तर अकरावा दिवस उजाडतो. पोट आणि कुल्ल्यांचे स्नायू पाय निघण्यापूर्वीच आवळलेले असले पाहिजेत, पाय टेकल्यानंतर आवळून उपयोग नाही. मला हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी मी उडी सोडून दिली आणि एकेक पाय मागे नेऊ लागलो. आधी उजवा, मग डावा, आणि पुढच्या वेळी आधी डावा. असे केल्याने व्यायाम ‘बायकी’ होतो, असे पुतण्याच्या मित्रांचे मत होते. माझ्या वहिनीने त्याच पद्धतीने ओट्यावर हात ठेवून सलग १५ करून दाखवल्यावर ते मत पुन्हा ऐकू आले नाही.

तिसरा जोड, म्हणजे फळीतून पाय परत हातांजवळ आणणे, हा या सगळ्यात सर्वांत कठीण आहे असे माझे मत झाले आहे, आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. पाय परतताना पावले हातांच्या किंचित बाहेर, पूर्ण टाचेसकट टेकली पाहिजेत, म्हणजे माणूस उकिडव्या बैठकीत येतो आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या बळावर उठू शकतो. टाचा वर राहिल्या आणि फक्त चवड्यांवर भार आला, तर गुडघे पुढे ढकलले जातात, पाठीला कुबड येते आणि मग माणूस पायांऐवजी कंबरेने उठतो. येथे आपल्या जुन्या सवयींचा फार मोठा उपयोग आहे. निंदण करणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या, पारावर उकिडवे बसून गप्पा मारणाऱ्या माणसाचे घोटे आणि खुबे त्या वाकाला सरावलेले असतात. आबाजींना टाचा टेकवून बसताना काहीच प्रयास पडत नाहीत. पुतण्याला मात्र खुर्ची आणि मोटारसायकलमुळे ते जमत नव्हते, तो मागे कलंडायचा. त्याला आम्ही महिनाभर बर्पी बंद करून रोज दोन-दोन मिनिटे, खांबाला धरून, उकिडवे बसायला लावले. एवढ्याने त्याची बर्पी जेवढी सुधारली तेवढी हजार वेळा करून सुधारली नसती.

चौथा जोड उडीचा. उडी किती उंच गेली याला काही अर्थ नाही. खाली येताना आधी चवडे, मग टाचा टेकाव्यात, त्याच वेळी गुडघे व खुबे वाकलेले असावेत आणि गुडघे एकमेकांकडे आत कोसळू नयेत. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात, ज्यांचे वजन जास्त आहे किंवा ज्यांच्या घोट्याला पूर्वी मुरगळ आली आहे, त्यांनी उडी सरळ गाळावी आणि टाचा उचलून उभे राहावे. ती सवलत नव्हे. बर्पीसाहेबांची मूळ कृती अशीच बिनउडीची होती.

उतरणे आणि पडणे यांतील फरक ओळखण्यासाठी मी एक साधा उपाय वापरतो, तो म्हणजे कान. नीट केलेल्या बर्पीचा आवाज फारसा येत नाही. पुतण्याची ‘धप्प’ कोठ्यातल्या बैलांना ऐकू जाऊन ते कान टवकारायचे. आता आमचा नियम असा की, आवाज वाढला की त्या दिवसाचा व्यायाम संपला, मग आकडा कितीही असो. थकवा आल्यावर माणूस स्वतःच्या पाठीकडे पाहू शकत नाही, पण आवाज त्याला ऐकू येतोच. आरसा नसलेल्या अंगणात यापेक्षा विश्वासू शिक्षक मला मिळालेला नाही.

जागेविषयी दोन शब्द. सिमेंटच्या रस्त्यावर उड्या मारू नयेत आणि नुकत्याच सारवलेल्या ओल्या अंगणात तर मुळीच नाही. ताडपत्री तळहाताखाली सरकते. सर्वांत उत्तम म्हणजे कोरडी, दाबलेली, सपाट माती. हात टेकवण्यापूर्वी खडे, काटे आणि पावसाळ्यात विंचू पाहून घ्यावेत. साडीत हा व्यायाम केल्यास पाय परत आणताना काठावर पाय पडतो आणि काचेच्या बांगड्या तळहाताजवळ फुटू शकतात. वहिनीने या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी ओळखून सलवार-कमीज घातला आणि बांगड्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधला.

श्वास रोखून धरू नये, हे सगळेच सांगतात. रोखला की काय होते ते फारसे सांगत नाहीत. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब क्षणभर खूप वर जातो, आणि बर्पीत वरचे शरीर दर वेळी खाली-वर होत असल्याने उठताना डोळ्यांपुढे अंधारी येण्याची शक्यता वाढते. खाली जाताना श्वास आत, पाय परत आणून उठताना बाहेर, अशी मी सवय लावली आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा बाळंतपणानंतरचे पहिले महिने, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. छातीत दुखणे, अंधारी किंवा हातापायांत मुंग्या आल्यास त्याच क्षणी थांबावे.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी मात्र वेगळ्या आणि अधिक आग्रहाने सांगितल्या पाहिजेत. पहिली, ऊन. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवलाचे नाही, आणि अशा दिवसांत सकाळी आठ वाजताही अंगण तापलेले असते. उन्हाळ्यात हा व्यायाम सूर्योदयापूर्वी संपला पाहिजे. रात्री पंख्याविना झोप झाली नसेल, आदल्या दिवशी उन्हात काम झाले असेल किंवा पोट बिघडले असेल, तर त्या दिवशी सुट्टी घ्यावी. मळमळ, डोके जड होणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसल्यास त्या माणसाला सावलीत आणून, अंगावर पाणी ओतून आणि वारा घालून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. ‘थोडा वेळ पडून राहू दे’ म्हणत वेळ दवडू नये.

दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यांत आणि आमच्याकडेही अनेक घरांत ‘एएस पॅटर्न’ (म्हणजे या आजाराचा केवळ वाहक) हा शब्द लग्नाच्या बोलणीत ऐकू येतो, पण व्यायामाच्या बोलण्यात कधीच येत नाही. ज्याच्या रक्तात सिकलसेलचा गुण केवळ वाहक म्हणून आहे त्याला एरवी काहीच त्रास होत नाही, तो शेतात काम करतो, धावतो, खेळतो. तथापि उष्णता, पाण्याची कमतरता आणि विश्रांतीविना केलेला टोकाचा श्रम एकत्र आले की अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो, आणि अमेरिकेत सैनिकी प्रशिक्षणात व महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये अशा प्रकारे मृत्यू झाल्याची नोंद आहे. मांड्या आणि कंबर एकाएकी दुबळी होऊन पाय गळून जाणे हे त्याचे लक्षण असते, आणि त्याला साधा गोळा समजून ‘उठ, अजून दहा’ असे म्हणणे जीवघेणे ठरू शकते. याचा अर्थ वाहकाने व्यायाम करू नये असा नाही. त्याने हळूहळू वाढवत जावे, मध्ये पुरेसे थांबावे, पाणी प्यावे आणि कोणाशी पैज लावू नये. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तिच्यात तपासणीवर भर आहे. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी भरतीची तयारी सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्यावी. आमच्या घरात आम्ही ती मार्गशीर्षानंतर केली. खरे तर आधी करायला हवी होती.

वाहक नसलेल्या माणसानेही सवय नसताना एकाच दिवशी शे-दोनशे बर्पी मारल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरू शकतात आणि मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असह्य दुखून लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर घरगुती लेप लावत न बसता रुग्णालय गाठावे.

भरतीच्या मुलांच्या मोबाइलवर ‘रोज १०० बर्पी’ अशा पैजा फिरत असतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. बर्पीला एकही गुण नाही. ती धावण्याची आणि गोळ्याची पूर्वतयारी म्हणून उपयोगी आहे, पण तिच्यात गुडघा गमावून बसणारा मुलगा ज्या मैदानावर गुण मिळवायचे तेथे उभाच राहू शकणार नाही. पुतण्याला हे गणित सांगितल्यावर आबाजींच्या प्रश्नापेक्षाही लवकर पटले.

सध्या माझा क्रम साधा आहे. सहा-सात मिनिटे चालणे, घोटे, खुबे आणि खांदे फिरवणे, जमिनीवर तळहात टेकवून मनगटांवर हळूहळू भार देणे, दहा सावकाश बैठका. त्यानंतर पाच-पाच बर्पींचे तीन फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता येईपर्यंत विश्रांती. पहिले दोन आठवडे हात ओट्यावर आणि पाय एकेक करून मागे, मग हात जमिनीवर, मग पायांची उडी, आणि वरची उडी सर्वांत शेवटी, असे मी चढत गेलो. फळीत ३० सेकंद कंबर न झुकता राहता येत नाही आणि टाचा टेकवून १५ बैठका होत नाहीत, तोवर जमिनीवरची बर्पी घ्यायची नाही, हा मी स्वतःपुरता घातलेला नियम आहे. मधला जोर मी अजून घेतलेला नाही. आठवड्यातून तीन दिवस पुरतात, आणि ज्या दिवशी पाठीवर १६ लिटरचा फवारणी पंप घेऊन फिरलो असेन त्या दिवशी तर मुळीच नाही, कारण कंबरेने तिचे काम आधीच केलेले असते.

आता मृग लागला आहे आणि अंगणात चिखल झाला आहे, म्हणून आम्ही कोठ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात सरकलो आहोत. तेथे माती कोरडी आहे, पण वरची मयाल, म्हणजे छताचे आडवे लाकूड, माझ्या डोक्यापासून जेमतेम वीतभर वर आहे. काल पुतण्याने तिच्याकडे एकदा पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता उडी गाळून टाचा उचलल्या. बैलांनी कान हलवले नाहीत.